४० लिटरची केबिन सॅक: नागपूरहून श्रीलंकेला जाताना पुरते का?

बर्डीच्या मेन रोडवर प्रवासाची सॅक मागितली की दुकानदाराचा हात आधी ६०-६५ लिटरच्या सॅककडे जातो. दहा दिवसांचा दौरा म्हणजे दहा जोड कपडे, असा सरळ हिशेब. हे परीक्षण तिच्या शेजारी टांगलेल्या लहान सॅकचं आहे. ४० लिटर, सुटकेससारखी पुढून पूर्ण उघडणारी, रिकामी असताना १.२ ते १.४ किलो, किंमत साधारण तीन ते पाच हजार. या मापात बऱ्याच कंपन्यांच्या सॅक मिळतात. त्यांच्यातला फरक नावापेक्षा चेन, पाठीची जाळी आणि शिलाई यांत जास्त आहे, म्हणून इथे कंपनी बाजूला ठेवून प्रकाराचंच परीक्षण केलंय.

कसोटीला मार्ग धरलाय नागपूर–चेन्नई–कोलंबो, आणि पुढे अनुराधापूर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या रोपांपासून वाढलेला, त्यामुळे ते गाव नागपुरातल्या अनेकांच्या यादीत आधीपासूनच असतं. सॅकच्या दृष्टीने मात्र हा मार्ग खडूस आहे. कोलंबोत वर्षभर दिवसा तिशीचा पारा आणि रात्रीही घाम. अनुराधापूर-सिगिरिया हा कोरडा पट्टा, तिथे ऊन थेट डोक्यावर. कँडी ५०० मीटरच्या आसपास, तिथे जरा बरं. नुवारा एलिया १,८६८ मीटरवर. दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो, म्हणजे किनाऱ्यापेक्षा तिथे सरासरी १२ अंश कमी. जानेवारी-फेब्रुवारीतल्या रात्री १० अंशांच्या आसपास जातात. पाऊसही दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पश्चिम-दक्षिण किनाऱ्याला आणि डोंगराला भिजवतो, तर डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा पूर्व आणि उत्तर भागाला. अख्खं बेट कोरडं असेल असा महिना शोधू नका.

आता मापं. भारतातल्या विमान कंपन्यांच्या इकॉनॉमीत हातातलं सामान सहसा ७ किलो, आणि लांबी-रुंदी-जाडीची बेरीज ११५ सें.मी.च्या आत. ५५ × ३५ × २० चं गणित केलं तर ३८.५ लिटर येतं. ४० लिटरची सॅक या चौकटीत जेमतेम बसते ती अशी. पण सॅक कापडाची आहे, ठासून भरली की पोट सुटतं आणि २० ची जाडी २८ होते. गेटवर अडतं ते बहुधा इथे. त्यामुळे बाजूचे आवळायचे पट्टे दोन्हीकडे दोन-दोन आहेत ना, हे आधी पाहा. एकेकच पट्टा असलेली सॅक मधोमध आवळली जाते आणि खाली-वर फुगलेलीच राहते.

चाकांची केबिन ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते. सातमधून तीन गेले, उरले चार. या सॅकमधून पावणेसहा किलो सामान नेता येतं. शिवाय कँडीहून डोंगरात जाणाऱ्या गाडीच्या डब्यात आणि सिगिरियाच्या कातळगडाच्या १,२०० च्या आसपास पायऱ्यांवर चाकांचा उपयोग शून्य. गडावर अख्खी सॅक नेणार नाहीच, पण हॉटेल ते बसथांबा हा चढ-उतार रोजचा.

पण नागपूरकराला अडचण येते ती कपडे वाळण्याची, सॅकची नव्हे. हलकं सामान म्हणजे तीन जोड कपडे, रोज रात्री एक धुवायचा आणि सकाळी कोरडा घालायचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडीठाक. गच्चीवर टाकलेली जीन्सदेखील चहा होईपर्यंत वाळून कडक होते. मग माणूस म्हणतो, सुतीच घेऊ या, उन्हाळ्यात सुतीसारखं काही नाही. नागपुरात खरं आहे ते. सुती कापड घाम पितं, कोरडी हवा तो उडवते, अंग थंड होतं. दमट हवेत ही साखळी तुटते. कापड पाणी पिऊन बसतं आणि ते घ्यायला हवेत जागाच नसते. नेहमीच्या हवेतही सुताचा धागा वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतो, पॉलिएस्टरचा अर्ध्या टक्क्याहून कमी. कोलंबोच्या खोलीत रात्री दहाला वाळत घातलेला जाड सुती टी-शर्ट सकाळी सहाला बगलेत आणि कॉलरला ओलाच असतो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो.

म्हणून कपड्यांची परीक्षा घरीच घ्या, पण गच्चीवर नको. खोलीत कूलर लावा आणि खिडक्या बंद करा. खिडकी लावून कूलर चालवला की तासाभरात खोली कशी चिकट होते, हे इथे कोणाला सांगायला नको. तीच कोलंबोची हवा. शर्ट धुऊन, नेहमीसारखा पिळून, कूलरच्या झोतापासून दूर, हँगरवर लावा. त्याआधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोनदा वजन करा, कोरडा आणि पिळलेला. फरक येईल तेवढं पाणी हवेला उडवायचंय. फरक शर्टाच्या कोरड्या वजनाच्या निम्म्याहून कमी असेल तर शर्ट सॅकमध्ये जातो. तेवढाच किंवा जास्त असेल तर तो घरीच राहू द्या, कितीही आवडता असो. ही परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये कूलरशिवायही होते.

रेयॉनच्या कुर्त्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण दुकानात तो 'एकदम हलका' म्हणून विकला जातो. कोरडा असताना हलका असतो हे खरं. ओला झाला की दुप्पट जड होतो, हँगरवर खाली ओघळतो आणि दोन धुण्यांत लांबी वाढते. क्रेप किंवा पातळ पॉलिएस्टरचा कुर्ता दिसायला साधा, पण सकाळी घालता येतो. ओढणी मात्र सुती चालेल. ती पातळ असते, वाळते, आणि देवळात खांदे झाकायला, गाडीत एसीचा झोत अडवायला, उन्हात डोक्याला बांधायला लागते. नागपूरचा पांढरा दुपट्टा या कामात जगातल्या कुठल्याही टोपीला भारी आहे.

टॉवेलच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे. मायक्रोफायबरचे टॉवेल बॅगच्या दुकानात सॅकसोबत गळ्यात मारले जातात. ते वाळतात लवकर, पण अंगाला चिकटतात, पाणी पुसण्याऐवजी सरकवतात, आणि चार दिवसांत त्यांना वास लागतो. त्याऐवजी इतवारीत मिळणारा साधा पंचा घ्या. वीण विरळ, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, पंख्याखाली तीन-चार तासांत कोरडा. सूत वाईट, मग पंचा कसा चालतो? वजनामुळे आणि विणीमुळे. कापड पातळ, एकेरी, हवा आरपार जाते. जाड टेरीचा टॉवेल त्याच सुताचा असून दोन दिवस ओला राहतो.

पंच्याचं दुसरं काम तर पहिल्याहून मोठं. धुतलेला शर्ट हाताने पिळून घ्या, कोरडा पंचा पलंगावर पसरा, त्यावर शर्ट सपाट ठेवा, दोन्ही मिळून घट्ट वळकटी करा आणि तिच्यावर गुडघा टेकवून पूर्ण वजन द्या, अर्धा मिनिट. वळकटी उलटी करून पुन्हा. हाताने न निघालेलं पाणी पंच्यात येतं आणि वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. नंतर शर्ट हँगरवर, दोन्ही बाजूंमध्ये हवा राहील असा, पंख्याखाली. दोरीवर दुमडून टाकलेला शर्ट दुमडीपाशी ओलाच राहतो. बाथरूममध्ये तर वाळत घालूच नका, तिथली हवा आधीच भरलेली असते.

थंडीसाठी काय? नुवारा एलियाची रात्र आणि नागपूरची जानेवारीतली पहाट पाऱ्यावर साधारण सारख्याच, त्यामुळे घरातला लोकरीचा स्वेटर सॅकमध्ये जातो. सहाशे ग्रॅम! आणि भिजला तर दोन दिवस तसाच. पिसं भरलेलं फुगीर जॅकेट हलकं असतं, पण धुक्यात ओल धरलं की पिसांच्या गुठळ्या होतात आणि ऊब जाते. तिथली थंडी ओली आहे, म्हणून पातळ फ्लीस, म्हणजे मऊ लवेची पॉलिएस्टरची बंडी, ३०० ग्रॅमची, आणि आत एक पूर्ण बाह्यांचा थर्मल, १६० ग्रॅम. वर रेनकोट घातला की वारा अडतो. हे तीन थर १० अंशांना पुरतात, आणि कोलंबोला उतरलं की फ्लीस उशीचं काम करते. नागपुरात हिवाळ्यात तिबेटी स्वेटरवाल्यांकडे पातळ फ्लीस स्वस्तात मिळते, पण ती हातात घेऊन उजेडासमोर धरा. आरपार दिसत असेल तर वारा अडणार नाही, आणि पाच धुण्यांत गोळे येतील.

रेनकोटात पैसा कुठे घालायचा तेही पाहू. 'श्वास घेणारं' म्हणून विकलं जाणारं महागडं जॅकेट आतली वाफ बाहेर टाकतं ते बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तेव्हा. ३० अंशांच्या दमट पावसात तो फरक फारसा उरत नाही आणि तुम्ही आतून भिजता. किनाऱ्यावर छत्रीच बरी, २५० ग्रॅमची तिघडी. डोंगरात, विशेषतः हॉर्टन प्लेन्सच्या माळावर, २,१०० मीटरच्या आसपास, वारा छत्री उलटी करतो. तिथे साधं ३०० ग्रॅमचं जॅकेट लागतं. दोनच गोष्टी तपासा. शिवणीवर आतून टेप लावलेली असावी, आणि बगलेखाली चेन असेल तर उत्तम. टेप नसलेलं जॅकेट वीस मिनिटांत खांद्याच्या शिवणीतून गळायला लागतं, कंपनी कुठलीही असो.

सॅकचं स्वतःचं रेनकव्हर मात्र जेवढं सांगतात तेवढं कामाचं नाही. ते बाहेरची बाजू झाकतं. पाऊस पाठीवरून खाली ओघळतो, पाठ आणि सॅक यांच्या फटीतून आत जातो आणि कव्हरच्या तळाशी साचतो. सॅक डबक्यात बसल्यासारखी. कव्हरच्या तळाला पाणी निघायचं भोक आहे का पाहा. नसेल तर बर्डीतल्या बॅग दुरुस्तीवाल्याकडून एक पितळी आयलेट मारून घ्या, पाच मिनिटांचं काम. खरा बचाव आतून होतो. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची, कपडे तिच्यात, तोंड पिळून, दुमडून खाली दाबायचं. आपल्याकडे खताच्या पोत्याच्या आत जो अस्तराचा कागद असतो, त्या जाडीचं प्लास्टिक वर्षभर टिकतं.

पाठीची जाळी हा या प्रकारातला सगळ्यात कच्चा दुवा. दुकानात ती फोमची, गुबगुबीत, छान वाटते. दमट हवेत हाच फोम घाम पितो आणि वाळत नाही. आठवड्यात पांढरे मिठाचे डाग आणि वास. ताणलेली जाळी, जिच्यामागे बोटभर पोकळी असते, ती बरी, पण तिच्यामुळे सॅकची जाडी दोन-तीन सें.मी. वाढते आणि आतली जागा तेवढीच कमी होते. मधला मार्ग म्हणजे उभ्या दोन पट्ट्यांचा पातळ फोम, मध्ये हवेची नाली. हॉटेलात पोचलं की सॅक पाठीची बाजू वर करून ठेवायची, भिंतीला टेकवून नाही.

चेनकडे बारकाईने बघा. सुटकेससारखी उघडणारी सॅक म्हणजे तिन्ही बाजूंनी फिरणारी लांब चेन, आणि ताण येतो तो वरच्या दोन वळणांवर. दुकानात सॅक कागदाने भरलेली असते तेव्हा चेन लोण्यासारखी चालते. कागद काढून आत दोन-तीन सॅक कोंबा, पट्टे न आवळता चेन लावा. वळणावर रनर अडखळला किंवा मागचे दात उघडे राहिले तर ती सॅक सोडा. रनरवर वायकेके, म्हणजे चेन बनवणाऱ्या नावाजलेल्या जपानी कंपनीचं नाव, लिहिलेलं असेल तर बरं, पण नकलाही फिरतात, त्यामुळे अक्षरांपेक्षा वळणावरची चाल बघा. वर्षभराने दात नीट बसेनासे झाले तर बहुतेक वेळा दात गेलेले नसतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबा, एकदा डावी, एकदा उजवी. जोर लावला तर रनर मोडतो. जड चालणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते.

कमरेचा पट्टा या मापात नावापुरता असतो, सात किलोला चालतो. खांद्याच्या पट्ट्यांची शिलाई मात्र उलटून पाहा. तिथे चौकोन आणि आत फुली अशी दुहेरी शिलाई हवी. घरी आणल्यावर आत तांदळाची पाच किलोची थैली कपड्यात गुंडाळून ठेवा आणि सेमिनरी हिल्सचा चढ एकदा चढून या. काचत असेल ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं, आणि बिल असेल तर सॅक बदलूनही मिळते.

वजनाचा हिशेब असा बसतो. सॅक १,३०० ग्रॅम. कपडे १,७६० ग्रॅम, म्हणजे अंगावरचे सोडून दोन टी-शर्ट, एक पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक पँट, एक अर्धी चड्डी, चार आतले कपडे, मोज्यांचे दोन जोड, फ्लीस, थर्मल. रेनकोट-छत्री ५५०. सँडल ५००, बूट पायात. पंचा १५०. साबण, तेल, मलम, औषधं मिळून ५५०. पॉवर बँक, चार्जर, वायरी, प्लगचा अ‍ॅडॉप्टर ६६०. एकूण ५,४७० ग्रॅम. दीड किलो शिल्लक, जे परतताना चहापत्तीला लागतं. पांढरा शर्ट मुद्दाम घेतलाय. अनुराधापूरला आणि कँडीच्या दंतमंदिरात खांदे-गुडघे झाकलेले लागतात, भाविक बहुतेक पांढऱ्यात असतात, आणि उन्हात, डासांतही हाच शर्ट चालतो. मोजे दुपारी कामाला येतात. चप्पल बाहेर काढावी लागते आणि फरशी अशी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही.

बूट जाळीचे, साधे. जलरोधक बुटात पाणी वरून शिरलं की ते बाहेर निघत नाही, दोन दिवस जातात. जाळीचा बूट आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून रात्रभरात घालण्यासारखा होतो. बोळे दोनदा बदलायचे, एकदा झोपताना, एकदा मधे जाग आली तर.

केबिनमध्ये काय अडतं? १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली, आतलं तेल अर्धं संपलेलं असलं तरी, कारण मोजतात ती बाटली. आईने दिलेली लोणच्याची बरणी इथेच जाते. तिच्या जागी जवसाची चटणी न्या, कोरडी आहे. पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानात, १०० वॉट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची बँक ७४ ची होते, अडचण नाही, मात्र तिच्यावरचा छापील आकडा खोडलेला नसावा. श्रीलंकेत तीन चौकोनी पायांचं सॉकेट सर्रास दिसतं, त्यामुळे अ‍ॅडॉप्टर विसरू नका. संत्रा बर्फीचा डबा कोणाला द्यायचा असेल तर जातानाच त्या दीड किलोतून वजा करा.

ही सॅक कोणी घेऊ नये तेही सांगतो. सोबत लहान मूल असेल, आई-बाबांना गुडघ्याचा त्रास असेल, किंवा रोज हाताने कपडे धुवायची तयारी नसेल, तर सरळ चाकांची मोठी बॅग घ्या आणि चेक-इन करा. लग्नासाठी जात असाल तरी हीच गोष्ट, रेशमी साडी या सॅकमध्ये चुरगळून बाहेर येते. दाबून बंद होणारे कपड्यांचे कप्पे घेऊन जागा वाचते, वजन नाही, आणि त्यात दमट कपडा दाबून ठेवला तर बुरशीचे काळे ठिपके पडतात. साध्या जाळीचा एक कप्पा पुरे.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण रेनकव्हरचा कापला, एक पाठीच्या फोमचा.

परत आल्यावर सॅक धुऊन सावलीत वाळवा आणि माळ्यावर टाकू नका. आतून लावलेला जलरोधक थर पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा असतो. माळ्यावरची मेची भट्टी आणि मग पावसाळ्याची ओल यांत तो दोन-तीन वर्षांत चिकट होतो, सोलतो, आणि आतल्या कपड्यांना पांढरी पापडी लागते. दिवाणात ठेवा, चेन उघडी, पट्टे सैल, आत वर्तमानपत्र.